झोपलेल्या हाती बर्नर नाही

शाळेत तिला खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. काचसामानाने भरलेला ट्रे दोन्ही हातांत धरून ती बाकांमधून निघाली की "काच, काच, काच" असं एका सुरात म्हणत जायची आणि पोरं आपोआप दोन्हीकडे सरायची. कुठल्याशा जुन्या तुकडीने तिची काचमावशी केली, ती पुढच्या सगळ्या तुकड्यांचीही काचमावशीच राहिली. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून तिला तेवीस वर्षं झाली होती. सहा लांब टेबलं, प्रत्येकावर चार गॅसचे नळ, खिडकीखाली दगडी सिंक आणि कोपऱ्यात आम्लांचं लोखंडी कपाट. त्या कपाटाची किल्ली तिच्या कंबरेला. मुख्याध्यापक तीन बदलले, रसायनाचे सर सात बदलले, किल्लीची कंबर काही बदलली नाही.

पोरांची तोंडं तिच्या लक्षात राहत नसत, हात राहत. बाजारात एखादा दाढीवाला गडी समोर येऊन "ओळखलंत का मावशी?" म्हणाला की ती आधी त्याच्या हातांकडे बघायची आणि म्हणायची, "तू तो, बाटलीचं झाकण टेबलावर पालथं ठेवणारा." बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

दोन वर्षांपूर्वी नवे मुख्याध्यापक आले. माणूस कष्टाळू, स्वतः साडेपाचला शाळेत हजर. पण निकाल म्हटला की त्यांना पुढचं मागचं काही दिसत नसे. आल्या आल्या त्यांनी वरच्या वर्गांना पहाटेचा जादा तास लावला, सहाच्या ठोक्याला. लांबची पोरं पावणेपाचला घर सोडायची. शाळा सुटली की शिकवणी, शिकवणी सुटली की दुसरी शिकवणी, आणि मग घरी जाऊन दोन्हीकडचा अभ्यास. झोपेचं काय, असं कुणी विचारलं नाही. झोप ही उरलेल्या वेळात करायची गोष्ट आणि वेळ तर उरतच नव्हता.

काचमावशीला हा फरक आधी हातांत दिसला. पूर्वी शनिवारी शेवटच्या तासाला, घरी पळायच्या घाईत, एखादा बीकर फुटायचा. आता सकाळच्या पहिल्या प्रात्यक्षिकालाच खळकन आवाज यायचा आणि पोर आपल्याच हाताकडे असं बघायचं, जसा काही तो शेजाऱ्याचा आहे. एकाने काडी ओढली आणि ती बोटापर्यंत जळत आली तरी बर्नरला लावायची राहिली. एकीने आम्ल मोजून घेतलं आणि नीट, सावकाश सिंकमध्ये ओतलं. मावशीने सरांच्या कानावर घातलं. सर तरुण, गरीब स्वभावाचे. ते म्हणाले, "वयच तसं आहे मावशी. रात्री मोबाइल बघत बसतात."

"आणि तुमचं?" तिने विचारलं. सरांच्या डोळ्यांखाली दोन काळ्या वाट्या होत्या. पहाटेचा तास तेच घेत असत. ते हसले आणि फळ्याकडे वळले.

त्या वर्गात एक मुलगी होती, जिला सगळे 'पहिली' म्हणत. पाचवीपासून तिने पहिला नंबर सोडला नव्हता. तिचे हात मावशीला फार आवडायचे. एवढ्या पोरांमध्ये तेवढे दोनच हात असे होते की जे काही उचलण्याआधी क्षणभर थांबत. प्रात्यक्षिक परीक्षेला तीन महिने राहिले होते. क्षार ओळखायचा प्रयोग चालू होता. नळीत चिमूटभर क्षार, त्यावर तीव्र आम्लाचे थेंब, मग मंद आचेवर गरम करायचं. मावशी पलीकडच्या टेबलावर बाटल्या लावत होती. सहज तिची नजर वर गेली.

पहिली उभी होती. चिमट्यात नळी, नळी आचेवर, सगळं पुस्तकात लिहिलंय तसं. फक्त डोळ्यांवरचा संरक्षक चष्मा कपाळावर सरकला होता, डोळे मिटलेले होते आणि नळीचं तोंड हळूहळू तिच्या स्वतःच्या तोंडाकडे वळत होतं. नळीत बुडबुडे उसळत होते.

हाक मारून उपयोग नव्हता. दचकली असती तर सगळं अंगावर आलं असतं. मावशीने दोन ढांगांत टेबल गाठलं आणि नळीवर सरळ हात घातला. नळी बाजूला गेली, फुटली, आणि आतलं सगळं मावशीच्या डाव्या हाताच्या मनगटापासून कोपरापर्यंत सांडलं.

ती ओरडली नाही. सिंकपाशी गेली, नळ पूर्ण सोडला, हात धारेखाली धरला आणि तिथूनच हुकूम सोडले: सगळ्यांनी बर्नर बंद करा, खिडक्या उघडा, काचेला कुणी हात लावू नका. वीस मिनिटं तो हात तिने धारेखालून काढला नाही. पहिली शेजारी येऊन उभी राहिली. ओठ पांढरेफटक.

"मी झोपले नव्हते मावशी," ती म्हणाली. "फक्त डोळे मिटले होते."

"काल किती वाजता पाठ टेकलीस?"

"एक वाजला. रोजच वाजतो."

"आणि उठलीस?"

"चारला."

मावशीने ते ऐकलं आणि तिला हात भाजल्याचं दुःख होईना, राग यायला लागला. कुणाचा, ते तिला लगेच कळलं नाही.

दवाखान्यातून पट्टी बांधून ती परत आली तेव्हा मुख्याध्यापकांनी अपघाताचा अहवाल टाइप करून तयार ठेवला होता. त्यांनी तिची चौकशी केली, पाणी मागवलं, खुर्ची दिली. मग कागद पुढे सरकवला. खाली सर्वांच्या सह्या झाल्या होत्या, तिची तेवढी बाकी होती. तिने चष्मा लावून वाचलं. 'विद्यार्थिनीच्या निष्काळजीपणामुळे' असा शब्द होता. तिने पेन मागून घेतलं, त्या शब्दावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं: 'झोप न झाल्यामुळे'.

मुख्याध्यापकांनी समजुतीच्या सुरात सांगायला सुरुवात केली. असं लिहिलं तर शाळेवर येतं, वरपर्यंत जातं, शिवाय झोप झाली की नाही हे ठरवणारे आपण कोण; आपण काही डॉक्टर नाही.

"नाही सर, मी डॉक्टर नाही," ती म्हणाली. "पण निष्काळजी पोरगी कशी असते ते मला तेवीस वर्षं ठाऊक आहे. ही त्यातली नाही. तिच्या नावावर मी हे लिहू देणार नाही."

"तुमची सही नसेल तर अहवाल अपुरा राहील."

"राहू दे अपुरा."

घरी नवरा तिची वाट बघत होता. तो एका गोदामात माल उचलायची गाडी चालवायचा आणि जगात शक्यतो कुणाशी वाकडं घेऊ नये या मताचा होता. त्याने तिच्यासाठी भात केला होता, तो जरा करपलाही होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "निवृत्तीला अडीच वर्षं राहिली. कशाला विस्तवात हात घालतेस?"

"अहो, तो घालून झालाय," तिने पट्टी वर करून दाखवली. दोघंही हसले.

पण जेवताना तिचा घास हातातच राहिला. त्यांची लेक बारावीत होती त्या वर्षी हीच बाई रोज चारला उठून तिच्या खोलीत जायची. हाका मारून लेक उठली नाही तर ओल्या हाताने तिचे डोळे पुसायची, आणि शेजारणींना अभिमानाने सांगायची की आमची पोर चारलाच उठते हो. लेक शिकली, परगावी नोकरीला लागली, सगळं चांगलं झालं. पण एकदा सुट्टीत ती घरी आलेली असताना पहाटे पाणी प्यायला उठलेल्या मावशीने तिला अंथरुणात ताठ बसलेली पाहिलं होतं. लेक म्हणाली होती, काही नाही आई, मला अजून चारला जाग येते, छातीत धडधडतं, मग झोप लागत नाही. त्या वेळी मावशीने ते हसण्यावारी नेलं होतं. आता तिला कळलं की सकाळपासूनचा राग अर्धा स्वतःवरचाच होता. उरलेला अर्धा मात्र खर्च करायला जागा होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या प्रात्यक्षिकाला ती प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. डावा हात गळ्यात, उजवा चौकटीवर. भिंतीवर सुरक्षेच्या नियमांची जुनी पाटी होती. वर्षातून एकदा पुसण्यापलीकडे तिच्याकडे कुणी बघत नसे. त्यात सातवा नियम असा: आजारी, चक्कर येत असलेल्या किंवा सावध नसलेल्या व्यक्तीस ज्वाला व आम्ल देऊ नये, निर्णय प्रयोगशाळा मदतनीसाचा. तो तिने खडूने अधोरेखित करून ठेवला होता.

प्रत्येकाला तिने दोनच गोष्टी विचारल्या: किती वाजता निजलास, किती वाजता उठलास. सहा तास भरले तर टेबलाशी जायचं. नाही भरले तर मागच्या बाकांवर बसायचं, बर्नर मिळणार नाही.

पोरांना आधी गंमत वाटली. मग दोघातिघांनी सात तास, आठ तास असे आकडे ठोकून दिले. मावशी म्हणाली, ठीक आहे, हा बीकर काठोकाठ भर आणि सिंकपासून त्या टेबलापर्यंत ने, एक थेंबही न सांडता. एक उंच पोरगा होता, वर्गातले त्याला उंट म्हणत. तो मोठ्या ऐटीत निघाला आणि तिसऱ्या पावलाला त्याच्या बुटात पाणी गेलं. "उंटाने साठवून ठेवलं," मागून कुणीतरी म्हणालं. उंट मुकाट्याने मागे जाऊन बसला.

अठ्ठावीस पोरांतली पाच उभी राहिली. तेवीस बसली. आणि बसल्यावर जे झालं त्याची मावशीलाही कल्पना नव्हती. आधी एक डोकं बाकावर टेकलं. मग दुसरं. पाच मिनिटांत मागच्या सगळ्या बाकांवर नुसते केस दिसत होते. कुणी घोरत होतं, कुणाच्या हातात पेन तसंच होतं. एक मुलगी शेजारणीच्या खांद्यावर तोंड उघडं टाकून झोपली होती, तीन वर्षांच्या पोरासारखी.

सर आले आणि दारातच थबकले. मावशीने त्यांच्यापुढेही बीकर धरला. सरांनी तो घेतला, दोन पावलं टाकली, बाही भिजवली, आणि मग एक स्टूल ओढून खाली बसले. "खरं सांगू का मावशी," ते हळूच म्हणाले, "मी साडेतीनला उठतो." त्या दिवशी त्यांनी त्या पाच जणांना एकाच बर्नरवर प्रयोग करून दाखवला, तोही हलक्या आवाजात.

बातमी वरच्या मजल्यावर जायला दहा मिनिटं लागली. मुख्याध्यापक आले, बाकांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"शाळा काय झोपायला आहे?"

"नाही ना सर. म्हणून पोरांनी झोपून यायला हवं."

त्यांनी कपाटाची किल्ली मागितली. मावशीने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि सांगितलं की नियम आधी बदला, लेखी द्या, मग किल्ली देते. पण त्यानंतर या खोलीत जे होईल त्यावर सही तुमची. मुख्याध्यापकांचा पुढे आलेला हात तसाच मागे गेला. संध्याकाळपर्यंत तिच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. वर्गकामात अडथळा, वरिष्ठांचा अवमान, वगैरे वगैरे. आठ दिवसांत खुलासा द्यायचा होता.

खुलासा लिहिणं तिच्या हातचं काम नव्हतं. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांपलीकडे तिने फारसं काही लिहिलं नव्हतं. मग तिने खुलासा पोरांकडूनच लिहून घेतला. दारात एक मोठा कागद चिकटवला. ज्याने त्याने आपल्या हाताने निजल्याची आणि उठल्याची वेळ लिहायची, आणि जागण्याचं कारण. सात दिवस. तिघांनी मोबाइल असं प्रामाणिकपणे लिहिलं. एकीने लिहिलं, धाकटा भाऊ रडतो. बाकी सगळीकडे शिकवणी, शिकवणीचा अभ्यास आणि पहाटेचा तास हेच फिरून फिरून आलं होतं. साडेतीन तास. चार तास. एका खान्यात फक्त 'झोपलो नाही' एवढंच होतं. सातव्या दिवशी तिने कागदाची घडी केली, वर लिहिलं 'हा माझा खुलासा', आणि नेऊन दिला.

मग पालकांची सभा लागली. मावशीला वाटलं होतं, आईबाप तरी आपल्या बाजूने येतील. तसं झालं नाही. पोरांची प्रात्यक्षिकं बुडतायत, गुण कोण देणार, असा ओरडा झाला. सगळ्यांत पुढे पहिलीचा बाप होता. तो लांब पल्ल्याच्या बसवर चालक होता, गणवेशातच आला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. बाकीच्या शाळांतली पोरं जागतायत, आपलीच झोपली तर मागे पडतील. त्याची पोरगी आठ वर्षं पहिली येतेय ती झोपून नाही. मावशीने तिला वाचवलं त्याबद्दल तो हात जोडतो, पण म्हणून तिने वर्गाचं वाटोळं करू नये.

मावशीने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "दादा, तुम्ही आज गाडी घेऊन आलात. काल किती झोपलात?"

"आठ तास," तो चटकन म्हणाला. "आमच्या डेपोत आठ तासांची विश्रांती झाल्याशिवाय किल्लीच देत नाहीत. मागे एकाला डुलकी लागली होती, गाडी कठड्यावर..."

तो मध्येच थांबला. मग मावशीने स्वतःच्या लेकीची गोष्ट सांगितली, ओल्या हाताची आणि तिला अजून चारला जाग येण्याची. मी हे केलंय, ती म्हणाली, प्रेमापोटी केलंय, म्हणून मला तुमचा राग येत नाही. पण म्हणून मी बर्नर देणार नाही.

तेव्हा बापाशेजारी बसलेली पहिली उठून उभी राहिली. बोलताना ती बापाकडेच बघत होती. "बाबा, त्या दिवशीचं मला काही आठवत नाही. नळी कधी हातात घेतली तेसुद्धा. शाळेत कशी आले तेही नाही. रस्ता ओलांडूनच आले असेन ना?"

बापाने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग तो मुख्याध्यापकांकडे वळला. पहाटेचा तास कुणी ठरवला, कशाच्या आधारावर ठरवला, आणि तो बंद करायचा तर अर्ज कुणाकडे द्यायचा, एवढंच त्याला हवं होतं. त्याच्या मागे आणखी काही हात वर झाले. सगळे नाही. निम्मे म्हटलं तरी जास्त होईल.

शाळेच्या समितीने महिनाभर चर्चा केली. प्रात्यक्षिकं दुपारच्या सुट्टीनंतर गेली. पहाटेचा तास सोमवार ते शुक्रवार रद्द झाला आणि शाळा साडेआठला भरू लागली. शनिवारचा मात्र राहिला, कारण मुख्याध्यापकांनी तेवढ्यावर पाय रोवले. अपघाताचा अहवाल 'झोप न झाल्यामुळे' या शब्दांनिशी गेला. मावशीच्या सेवापुस्तकात लेखी ताकीद चढली. ती वाचून सही करायची असते. तिने वाचली, खाली लिहिलं, 'वाचलं. पटलं नाही,' आणि मग सही केली. कारकुनाने सांगितलं की असं लिहायची पद्धत नाही. ती म्हणाली, आता पडली.

परीक्षेत पहिली चौथी आली. बातमी सांगायला ती स्वतः प्रयोगशाळेत आली होती. जरा रडली. मावशीने तिला उगाच समजावलं नाही, स्टूल दिलं आणि पुसायला नळ्या दिल्या. दोघींनी मिळून दोन रॅक पुसले. हात पुन्हा तसेच झाले होते, काही उचलण्याआधी क्षणभर थांबणारे. जाताना मुलगी म्हणाली, बाबा आता दहा वाजता घरातला दिवा घालवतात आणि कुणाचं ऐकत नाहीत. तक्रार करत होती की कौतुक, ते तिचं तिलाही नक्की ठाऊक नसावं.

शनिवारचा तास अजून आहे. दर शनिवारी तो सुटला की काचमावशी त्या दिवशीच्या वेळांचा कागद घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीवर जाते, टेबलावर ठेवते आणि उभी राहते. पहिले काही आठवडे ते तिला बसा म्हणत. मग त्यांनी बसा म्हणणं सोडलं. गेल्या महिन्यात ते शनिवारी मागच्या दाराने निघाले, तेव्हा ती जिन्याखाली उभी होती. त्यांनी कागद घेतला, खिशात घातला आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही थकत कशा नाही?"

"मी आठ तास झोपते सर," ती म्हणाली.